तेव्हा दिसलं असतं का?

“आज्ये, ह्या बाई पाणी पी म्हणत्यात,” तो मुलगा म्हणाला आणि ग्लास ओठांपाशी धरून तसाच थांबला.

बाकावर बसलेल्या आजीनं आधी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“किती पाजायचं?”

“पोट तुडुंब होईपर्यंत,” मी म्हटलं. “लघवीची पिशवी भरल्याशिवाय मला आतलं नीट दिसत नाही.”

“पी मग,” आजी म्हणाली. पण ते काही तिच्या मनातून आलं नव्हतं.

विट्यात माझं सोनोग्राफी केंद्र सुरू होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. लहान मुलांना तपासणीआधी पाणी पाजणं म्हणजे काय दिव्य असतं, ते मला पुरतं ठाऊक झालं होतं. मुलं घोट घेतात, उरलेलं अंगावर सांडतात, भोकाड पसरतात. आया गोष्टी सांगतात, चॉकलेटचं आमिष दाखवतात, शेवटी एक धपाटा घालतात. ह्या मुलानं मात्र पहिला ग्लास एका दमात संपवला. दुसराही. तिसऱ्या ग्लासाला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून तो पीत राहिला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी त्यानं तळहातानं निपटलं आणि तेही चाटलं. मग धापा टाकत हसला.

“अजून हाय?”

माझ्या मदतनीस नंदाताईंनी जग पुढे केला. इतक्यात आजी उठून उभी राहिली.

“बास रं आता!”

“पिऊ दे त्याला,” मी म्हटलं. “घरी असाच पितो का?”

“घरी आमी पाणी तोडलंय त्येचं,” आजी म्हणाली. आवाजात कुठे लपवाछपवी नव्हती, उलट आपण किती काळजी घेतो हे सांगण्याचा सूर होता. “सात वर्साचा घोडा झालाय, अजून रोज रातीला अंथरूण वलं करतोय. शाळंतली पोरं चिडवत्यात. गावात एकजण दवा देतोय, त्येनं सांगितलं, पाणी मोजून द्या, आपोआप सुटंल. जेवताना एक फुलपात्रं, बास. मास्तरलाबी सांगून ठिवलंय, नळाकडं जाऊ देऊ नगा म्हणून. परवा म्हशीच्या पाण्याच्या टोपल्यात त्वांड घालताना धरला त्येला.”

तिचं नाव गजराबाई. हाडापेरानं मजबूत, कपाळावर मोठं गोंदण. नातवावर जीव होता हे त्याच्या कपड्यांवरूनच कळत होतं; शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, केसांना तेल, गळ्यात चांदीच्या साखळीत ताईत. मुलाचं नाव धैर्यशील. घाटावरच्या एका खेड्यातलं हे घर. बाप, उत्तम, आमच्याकडच्या पुष्कळ जणांसारखा सोनं गाळायच्या धंद्यात होता, पार केरळात, कोचीला. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला यायचा. घरात गजराबाई, सून मालन, थोरली नात उज्ज्वला आणि हा.

मालन दाराजवळ उभी होती. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिच्या हातात आमच्या बालरोगतज्ज्ञांची, डॉ. मुजावरांची चिठ्ठी होती. वय सात, पण अंगानं पाचाचा दिसतो. वारंवार ताप. सकाळी ओकतो. रक्त कमी. पोटाची सोनोग्राफी करावी.

मी धैर्यशीलला आत घेतलं. तो टेबलावर चढला, स्वतःच शर्ट वर केला आणि पोटावर थंडगार जेल पडताच खुदकन हसला.

“गुदगुल्या हुत्यात.”

“हलू नकोस. हे बघ, टीव्हीत तू दिसणार आता.”

त्यानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. “ह्या टीव्हीला मुंग्या आल्यात, बाई.”

मीही हसले. मग मूत्राशयावर मशीनचा प्रोब टेकवला आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

निरोगी मुलाच्या भरलेल्या मूत्राशयाची भिंत पापुद्र्यासारखी पातळ दिसते. ह्याची बोटभर जाड झाली होती, वर्षानुवर्षं कुस्ती खेळलेल्या मांडीसारखी. खाली निमुळत्या वाटेचं तोंड फुगलेलं होतं. मागे, जिथे काहीच दिसू नये तिथे, दोन्ही बाजूंच्या मूत्रनलिका दोराएवढ्या जाड, नागमोडी वर जात होत्या. मी त्यांच्या मागोमाग वर गेले. कुशीपाशी उजवी किडनी. मग त्याला कुशीवर वळवून डावी.

शहाळं फोडल्यावर आत पाणीच पाणी असावं आणि खोबऱ्याची नुसती साय धरलेली असावी, तसं ते दिसत होतं. किडनीचा गर, जो सगळं काम करतो, तो उरलाच नव्हता फारसा. होता तोही पडद्यावर पांढरट, कोरडा दिसत होता. डावी उजवीपेक्षा वाईट होती.

मी पुन्हा पुन्हा मापं घेतली. माप चुकलं असेल असं वाटून नव्हे. मान वर केली की मालनकडे पाहावं लागेल म्हणून.

“लघवी करताना त्रास होतो का रे तुला?” मी त्याला विचारलं.

“न्हाई. फकस्त येळ लागतो. जोर लावाय लागतो.”

“गजराबाई, त्याला समोरच्या संडासात घेऊन जा. सगळी लघवी करू दे, अगदी पिशवी मोकळी होईपर्यंत. घाई करू नका. मग मला पुन्हा बघायचंय.”

आजी त्याचा हात धरून गेली. बोळापलीकडे दाराची कडी वाजली आणि मग गजराबाईचा “सू... सू... कर बाळा” असा आवाज येऊ लागला. खोलीत मी आणि मालन, दोघीच.

“म्याडम,” ती म्हणाली. तो तिचा पहिला शब्द. “तुमचा चेहराच सांगतोय. काय हाय?”

मी कागद घेतला, चित्र काढून दाखवलं. ह्या दोन किडन्या, ही पिशवी, ही बाहेर जायची वाट. ह्या वाटेत एक पातळ पडदा आडवा आलाय, झडपेसारखा. लघवी बाहेर पडताना अडते. पिशवी जोर लावून लावून जाड झाली. आणि तुंबलेलं पाणी उलटं वर चढून किडन्यांना लागलं. दोन्हींना.

“त्या किडन्यांना लघवी घट्ट करता येत नाही,” मी म्हटलं. “म्हणून तो सारखा मुततो आणि म्हणूनच त्याला सारखी तहान लागते. त्याची खोड नाही ती.”

मालननं हातातली चिठ्ठी दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

“आणि आम्ही त्याचं पाणी तोडलं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “कधीपासनं असंल हे?”

“जन्मतःच असतं.”

“जन्माच्या आधीपासनं?”

“हो. पोटात असल्यापासून.”

माझ्या खोलीत, सगळ्या सोनोग्राफी केंद्रांत असते तशी, पाटी होती. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मालन त्या पाटीकडे बघत होती. दहावीपर्यंत शिकलेली बाई. वाचायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं.

“हे मशीन माझ्या ओळखीचं हाय, म्याडम,” ती म्हणाली. “तीनदा झोपलेय ह्याच्याखाली. उज्ज्वलाच्या पाठीवर दोनदा राहिलं. दोन्ही वेळंला आत्यांनी जीप ठरवली, लांब नेलं. दोन्ही वेळंला डॉक्टर काही बोललाच न्हाई, नुसती मान हलवली. तिथनं तसंच दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि मोकळं करून आणलं. तिसऱ्यांदा हा.”

गावाचं नाव तिनं घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

“पडदा माझ्या डोक्यामागं होता. मला काय दिसत न्हवतं. त्यानं पोटावर टेकवलं आणि लगेच उचललं. पाण्याचा घोट गिळायला लागतो ना, तेवढा वेळ. ‘पेढे वाटा’ म्हणाला. आत्या तिथंच त्याच्या पाया पडल्या. मी उठून साडी नीट करतेय तोवर त्यानं पुढच्या बाईला आत बोलावलं.”

बोळापलीकडून गजराबाईचा आवाज आला, “झाली का रं?” आणि धैर्यशीलचा, “थांब की, आज्ये.”

“एक विचारू?” मालन म्हणाली. “खरं सांगायचं. त्यानं अजून जरा वेळ फिरवलं असतं, तर हे तेव्हा दिसलं असतं का?”

“कितवा महिना होता?”

“पाचवा सरत आला होता.”

अशा वेळी डॉक्टरच्या हाताशी पुष्कळ शब्द असतात. मशीन जुनं असेल, बाळ पालथं असेल, सगळ्यांचं त्या वेळी दिसतंच असं नाही. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मुलगा की मुलगी हे बघायला जिथे बघतात, त्याला अगदी लागूनच मूत्राशय असतं. पाचव्या महिन्यात ते फुग्यासारखं तट्ट फुगलेलं असणार. मुलगा आहे हे ज्याला दिसलं, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच क्षणी हेही असणार. त्यानं बघितलं नाही, कारण त्याला ते बघायचंच नव्हतं. ती बाई माझ्याकडे बघत होती आणि तिला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना.

“बहुतेक दिसलं असतं,” मी म्हटलं.

“मग काय करता आलं असतं?”

“जन्मल्याबरोबर छोटं ऑपरेशन करून वाट मोकळी करता आली असती. किडन्या पूर्ण वाचल्या असत्या असं नाही सांगत मी. पण इतकं झालं नसतं.”

मालन रडली नाही. भिंतीला टेकली, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. इतकं घट्ट, की बोटाचं टोक पांढरं पडलं.

“आत्यांना हे सांगू नका,” ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. “का?”

“त्यांच्यावर राग न्हाई असं न्हाई. त्या दोघी पोरी अजून माझ्या स्वप्नात येतात, म्याडम. पण हे कळलं तर म्हातारी जगायची न्हाई. ह्याच्याशिवाय तिला दुसरं काय हाय? आणि तिनं हाय खाल्ली तर मी एकटी ह्याला घेऊन कुठं कुठं पळू? मालक तिकडं. उज्ज्वला पोर अजून. आत्या लागतात मला.”

कडी वाजली. धैर्यशील चड्डी सावरत आत आला, मागून गजराबाई.

“थेंब थेंब करतंय ल्येकरू,” ती म्हणाली. “आमच्या आळीतली पोरं भिताडावर नाव काढत्यात, ह्येची आपली सोताच्या पायावर.”

मी पुन्हा प्रोब टेकवला. इतक्या वेळानंतरही पिशवी अर्धी भरलेलीच होती.

मग गजराबाईला बसवून तेच चित्र पुन्हा समजावून सांगितलं. मुंबईला न्यायला लागेल, मुलांच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथे आहेत, मी चिठ्ठी देते, उद्याच निघा. किडन्या किती काम करतात ते रक्त तपासून कळेल, पण त्या बऱ्याच खराब झाल्या आहेत. ती मान डोलवत ऐकत होती. “आणि आजपासून पाणी तोडायचं नाही,” असं मी म्हटलं तेव्हा मात्र तिची मान थांबली.

“ह्येला पाणी पायजे हुतं?”

“हो.”

“म्हंजी ते म्हशीच्या टोपल्यातनं...” तिनं धैर्यशीलला जवळ ओढलं, त्याच्या तेल लावलेल्या डोक्यावर हात ठेवला. “म्या मारलं हुतं त्येला त्या दिशी.”

“तुम्हाला कोणीतरी तसं सांगितलं, तुम्ही तसं केलंत. किडन्या त्यानं बिघडल्या नाहीत.”

ती त्याचं डोकं कुरवाळत राहिली. मग एकदम काहीतरी आधार सापडल्यासारखी म्हणाली, “पर म्याडम, ह्यो पोटात हुता तवा आमी असल्याच मिशनीत बघितलं हुतं की! त्यो डाक्टर म्हणला, समदं ब्येस हाय. तवा कसं दिसलं न्हाई?”

मालन खिडकीबाहेर बघत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. पदर अजून बोटाला गुंडाळलेलाच.

“तेव्हा नाही दिसत,” मी म्हटलं. “इतक्या लवकर कळत नाही ते.”

“व्हय ना?” गजराबाई म्हणाली. “म्हंजी कुणाचीच चूक न्हाई.”

“नाही.”

एकाच प्रश्नाला पंधरा मिनिटांच्या आत मी दोन बायकांना दोन उत्तरं दिली होती. दोन्ही माझ्याच तोंडून गेली.

मुंबईला ऑपरेशन झालं. वाट मोकळी झाली. महिना-दोन महिन्यांत धैर्यशीलच्या गालांवर जरा मांस आलं, ताप थांबले. कोचीहून उत्तम आला, आठ दिवस राहिला, माझ्यासाठी केळ्याच्या वेफर्सचा मोठा पुडा ठेवून गेला. पोरगं आता बरं होणार अशी सगळ्यांनी मनाची समजूत घातली. मीही थोडीफार घातली.

दर चार-सहा महिन्यांनी ते तपासणीला यायचे. कधी आजी घेऊन यायची, कधी आई, बहुतेकदा दोघीही. धैर्यशीलला माझी खोली आवडायची. टेबलावर चढला की तो आधी पडद्याकडे बघायचा. “आज मुंग्या कमी हायत, बाई.” शाळेत त्यानं भूगोलात पहिला नंबर काढला तो त्यानं मला पोटावर प्रोब असतानाच सांगितला. सह्याद्रीचे घाट पाठ म्हणून दाखवले. आंबा, कुंभार्ली, वरंध. मी ऐकत होते आणि माझा हात किडनीचं माप घेत होता. प्रत्येक वेळी ती मागच्यापेक्षा थोडी लहान असायची. मुलगा वाढत होता आणि किडन्या आकसत होत्या. तो घाट सांगत जायचा, मी आकडे लिहीत जायचे.

दहाव्या-अकराव्या वर्षी पायांवर सूज आली. मग सांगलीला डायलिसिस. मालननं स्वतःची किडनी द्यायचं ठरवलं, त्याआधीची तिची सोनोग्राफी माझ्याकडेच झाली. ती टेबलावर निजली तेव्हा मी पडदा तिच्याकडे वळवला.

“बघायच्यात?”

“दाखवा,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच कुणी पडदा माझ्याकडं फिरवला.”

दोन्ही किडन्या उत्तम होत्या. त्या दिवशी ती जाताना हसली होती. पण ऑपरेशनची तारीख जवळ आली आणि धैर्यशीलला फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला. तारीख पुढे गेली. पुन्हा दिली, पुन्हा पुढे गेली. शेवटी श्रावणात, बारावं सरत असताना, तो सांगलीच्या दवाखान्यात गेला. मला डॉ. मुजावरांचा फोन आला. मी तेव्हा कुणा बाईच्या पित्ताशयाची तपासणी करत होते. ती पूर्ण केली, तिला रिपोर्ट लिहून दिला. मग नंदाताईंना म्हटलं, आज आता कुणाला आत सोडू नका.

मी त्यांच्या घरी जाऊन आले. मालन माझा हात धरून बसली. गजराबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली असेल. बाजाराचा दिवस होता. गर्दी ओसरली तेव्हा नंदाताई आत येऊन म्हणाल्या, “बाहेर धैर्यशीलची आजी बसलीय. एकटीच आहे. नंबर लावला नाही, काही नाही.”

मी तिला आत बोलावलं. गजराबाई निम्मी झाली होती. मजबूत हाडांवरचं सगळं उतरून नुसती हाडं उरली होती. पिशवीतून तिनं भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. “रानातल्या हायत. त्येला लई आवडायच्या. डाक्टरांनी बंद केल्या हुत्या.”

मी चहा मागवला. तो गार झाला तरी तिनं कपाला हात लावला नाही.

“म्याडम,” ती म्हणाली, “तुमी माज्याशी खोटं बोलला हुता.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मुंबईला पयल्याच खेपंला म्या तितल्या मोठ्या डाक्टरला इचारलं. मालन औषधं आणाय गेली हुती. म्हटलं, ह्ये आमाला कवा कळलं असतं? त्यो म्हणला, आजी, आजकाल पोटात असतानाच कळतं. पाचव्या म्हयन्यात सोनोग्राफी केली असती तर दिसलं असतं.” ती थांबली. “केली हुती की. म्याच केली हुती. जीप सांगून केली हुती.”

“गजराबाई...”

“बोलू द्या मला. कुणाला बोलाय जागा न्हाई. त्येच्या आधी दोन पोरी गेल्या. त्याबी म्याच नेल्या. तवा मला काय वाटलं न्हवतं, खोटं सांगत न्हाई. वंशाला दिवा पायजे एवढंच डोस्क्यात. त्या डाक्टरनं पेढे म्हटल्यावर म्या त्येच्या पायावर डोकं ठिवलं. आन् माजा नातू तितंच त्येच्या टीव्हीत आजारी पडलेला हुता. त्येला दिसत हुता. मला बी दिसत हुता, पर मला काय कळतंय? मला त्येवढंच कळत हुतं जे बघाय गेलो हुतो.”

पाच वर्षं ती हे पोटात ठेवून त्याला हाताला धरून घेऊन येत होती, त्याचे घाट ऐकत होती, मला शेंगा आणून देत होती.

“मग इतकी वर्षं मला काही म्हणाला का नाहीत?”

“तुमी कशाला खोटं बोलला ते मला कळलं न्हवतं व्हय?” ती म्हणाली. “माजी दया आली तुमाला. म्हातारी मरंल म्हणून.” तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “आता एकच मागणं हाय. मालनला ह्यातलं काय सांगू नगा. तिला वाटतंय तवा दिसत न्हवतं. तसंच वाटू द्या. तिला कळलं की तवाच दिसलं असतं, तर ती मला घरात ठिवायची न्हाई. आन् ठिवलं तर त्ये त्याच्याहून वंगाळ. रोज माज्या तोंडाकडं बघंल आन् रोज तिचं काळीज जळंल. आधीच पोरगं गेलंय तिचं.”

मालनचा एक शब्द मी आधीच पाळत होते. आणि आता हा दुसरा. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. बाई, तिला सगळं ठाऊक आहे, तुमच्या आधीपासून ठाऊक आहे, आणि ती तुम्हाला वाचवत आली आहे. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. दोघींनी एकमेकींसाठी माझ्याकडे ठेवायला दिलेली ती गोष्ट होती. उघडून दाखवली असती तर दोघींचं घर मोडलं असतं, नाहीतर नव्यानं उभं राहिलं असतं. काय झालं असतं, मला आजही ठरवता येत नाही.

“नाही सांगत,” मी म्हटलं.

ती उठली. दारापर्यंत जाऊन वळली. “त्यो गेल्यापास्नं ती मला आधी वाढती, मग सोता जेवती,” ती म्हणाली. “आधी कवा असं करत न्हवती.”

ह्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्ये एक दिवस उज्ज्वला आली. लग्न करून तिला कडेगावकडे दिलं होतं, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आलेली. पाचवा महिना. बरोबर मालन, आणि काठी टेकत गजराबाई.

“एकीनंच आत यायचं असतं,” नंदाताई म्हणाल्या.

“येऊ द्या दोघींना,” मी म्हटलं.

उज्ज्वला टेबलावर निजली. मी पडदा अशा बेतानं वळवला की तिलाही दिसावा आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या दोघींनाही. बाळाचं डोकं, मणका मण्यांच्या माळेसारखा, हृदयाची फडफड. उज्ज्वला हसत होती, रडत होती. मुलगा की मुलगी, कुणीच विचारलं नाही. मालन पडद्याकडे वाकली होती. गजराबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तीही वाकली. दोघींना काय बघायचं होतं ते मला माहीत होतं, आणि आपण काय बघतोय हे दुसरीला कळू नये म्हणून प्रत्येकजण श्वाससुद्धा जपून घेत होती.

मी हळूहळू खाली आले. घाई केली नाही.

“ही लघवीची पिशवी,” मी म्हटलं. “लहान आहे, भिंत पातळ आहे. अशीच हवी. ही उजवी किडनी. आणि थांबा... ही डावी. दोन्ही छान आहेत.”

“कशाला बघायचं असतं ते, म्याडम?” उज्ज्वलानं विचारलं.

“सगळ्यांचंच बघतो आम्ही,” मी म्हटलं.

मालननं पदर तोंडाला लावला. गजराबाई कानानं जरा कमी ऐकायची आता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काय म्हणला? पुन्यांदा सांगा.”

“दोन्ही किडन्या छान आहेत, आजी.”

“व्हय,” ती म्हणाली. “अजून जरा येळ फिरवा. गडबड करू नगा.”

मी फिरवत राहिले. बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं, तरी फिरवत राहिले. मालननं पडद्यावरची नजर न काढता एक हात मागे नेला आणि सासूच्या कोपराखाली आधाराला धरला.

दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.